बाबासाहेब आंबेडकर यांची वकिली आणि नोकरीतील समान संधीचा लढा

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल १८९१ – ६ डिसेंबर १९५६) हे भारतीय विधिज्ञ, अर्थशास्त्रज्ञ, समाजसुधारक आणि स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री होते. संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून ते सर्वाधिक ओळखले जातात. प्रस्तुत लेख त्यांच्या समग्र चरित्राचा नसून, जातीच्या आधारे काम नाकारणे आणि जातीच्या आधारे काम लादणे या दोन्ही प्रथांविरुद्ध त्यांनी न्यायालयात, विधिमंडळात, मंत्रिपदावरून आणि संविधान सभेत केलेल्या कार्याविषयी आहे. मंदिरप्रवेश आणि पाणवठ्यांच्या सत्याग्रहांच्या तुलनेत त्यांच्या कार्याची ही बाजू कमी चर्चिली गेली आहे. मात्र कालावधीचा विचार करता ती अधिक दीर्घ होती.

== पार्श्वभूमी ==

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात महार समाजातील शिपाई मोठ्या संख्येने होते. गावगाड्याबाहेर नियमित पगार, शिक्षण आणि निवृत्तिवेतन देणारा हा जवळपास एकमेव मार्ग होता. १८९० च्या दशकाच्या प्रारंभी ब्रिटिश सरकारने तथाकथित लढाऊ जातींच्या सिद्धान्तानुसार पलटणींची पुनर्रचना केली आणि महारांची भरती थांबवली. या निर्णयाविरुद्ध निवृत्त लष्करी कर्मचारी गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये सरकारकडे अर्ज केला. पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने लष्करात व पोलिसांत प्रवेश मिळावा अशी मागणी थेट भारतमंत्र्यांपर्यंत नेण्यात आली. नोकरीतील भेदभावाविरुद्ध लेखी आणि सनदशीर दाद मागण्याची परंपरा अशा रीतीने आंबेडकरांच्या आधीच्या पिढीत सुरू झाली होती. ती अर्जविनंत्यांची परंपरा होती. तिला कायद्याच्या भाषेत बोलणारा वकील अद्याप मिळालेला नव्हता.

आंबेडकरांचे वडील रामजी मालोजी सकपाळ हे सुभेदार होते आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. भीमरावांचा जन्म महू येथील लष्करी छावणीत झाला. ज्या नोकरीमुळे या कुटुंबात अक्षरओळख आली होती, तिचे दार त्यांच्या जन्मानंतर एकदोन वर्षांतच पुढच्या पिढीसाठी बंद झाले.

== साताऱ्यातील बालपण ==

रामजींच्या निवृत्तीनंतर कुटुंब काही काळ दापोलीत आणि त्यानंतर साताऱ्यात राहिले. साताऱ्यातच भीमरावांच्या मातोश्री भीमाबाई यांचे निधन झाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव राजवाड्यातील सरकारी शाळेत (आजचे प्रतापसिंह हायस्कूल) दाखल झाले. हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

१९०१ मध्ये रामजी हे खटाव तालुक्यात दुष्काळग्रस्तांना रोजगार देण्यासाठी सुरू असलेल्या सरकारी तलावाच्या कामावर रोखपाल होते. त्यांना भेटण्यासाठी भीमराव, त्यांचे बंधू आणि दोन भाचे साताऱ्याहून आगगाडीने मसूरला उतरले. मुलांची जात कळताच स्टेशनवरचा एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार झाला नाही. अखेर दुप्पट भाडे घेऊन एकाने गाडी दिली, तीही मुलांनी स्वतः हाकावी या अटीवर, आणि गाडीवान बराच काळ शेजारून पायी चालला. रात्रभर त्यांना पिण्यास पाणी मिळाले नाही. हा प्रसंग आंबेडकरांनी पुढे आपल्या आत्मकथनपर लेखनात नोंदवला आहे. त्यातील एक तपशील या लेखाच्या विषयाशी निगडित आहे. सरकारी पैशांचा हिशेब ज्याच्या हाती होता, त्या माणसाच्या मुलांना भाडे मोजूनही गाडी मिळत नव्हती. सरकारी पदामुळे सामाजिक दर्जा आपोआप बदलत नाही, हे त्यांनी वयाच्या दहाव्या वर्षी पाहिले.

== बडोद्यातील नोकरी ==

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीच्या करारानुसार परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करणे त्यांच्यावर बंधनकारक होते. सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्यात रुजू झाले. त्यांच्या खोलीतील शिपाई विटाळ टाळण्यासाठी कागदपत्रे दुरून टेबलावर टाकत. कचेरीत पिण्याचे पाणी मिळत नसे. शहरात राहण्यास जागा न मिळाल्याने ते एका पारशी पथिकाश्रमात नाव बदलून उतरले होते. ओळख उघड झाल्यावर काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. हिंदू व ख्रिस्ती परिचितांकडेही आसरा मिळाला नाही. अकरा दिवसांच्या वास्तव्यानंतर ते मुंबईस परतले.

या नोकरीत नेमणुकीचा आदेश होता, पगार होता आणि खुद्द राजाची सदिच्छा होती. तरीही नोकरी टिकली नाही, कारण ती प्रत्यक्षात अशक्य करणारी माणसे कोणत्याही नियमाने बांधलेली नव्हती. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथेही काही सहकारी प्राध्यापकांनी सामाईक भांड्यातून त्यांच्या पाणी पिण्यास आक्षेप घेतला. कायदा आणि रूढी यांतील हे अंतर त्यांच्या पुढील सर्व विधिविषयक मांडणीत दिसते.

== वकिलीची सनद ==

सिडनहॅममधील पगारातून शिल्लक टाकून, छत्रपती शाहू महाराजांच्या साहाय्याने आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेऊन आंबेडकर १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानातील नोकऱ्यांमध्ये रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागास वर्गांसाठी राखून ठेवल्या होत्या, तसेच अस्पृश्य समाजातील काही जणांना वकिलीच्या सनदा दिल्या होत्या. मार्च १९२० मधील माणगाव परिषदेत त्यांनी आंबेडकरांचे नेतृत्व जाहीरपणे पुढे आणले.

ग्रेज इन येथून बॅरिस्टर होऊन आंबेडकर एप्रिल १९२३ मध्ये मुंबईस परतले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत सॉलिसिटरमार्फत काम मिळत असे, आणि अस्पृश्य बॅरिस्टरला काम देणारे सॉलिसिटर मिळणे कठीण होते. त्यामुळे त्यांनी अपील शाखा आणि जिल्हा न्यायालये यांवर भर दिला. उत्पन्न पुरेसे नसल्याने १९२५ ते १९२८ या काळात ते बाटलीबॉय यांच्या लेखाशास्त्र संस्थेत व्यापारी कायदा शिकवत. त्यांचे पक्षकार बहुधा गरीब असत. परळच्या दामोदर हॉलमधील कचेरीत गिरणी कामगार आणि खेड्यांतून आलेले वतनदार महार आपली गाऱ्हाणी घेऊन येत.

व्यवसायात त्यांचे नाव प्रथम गाजले ते १९२६ मध्ये. देशाचे दुश्मन या पुस्तिकेवरून झालेल्या बदनामीच्या खटल्यात दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे आदी ब्राह्मणेतर कार्यकर्त्यांना शिक्षा झाली होती. पुण्याच्या सत्र न्यायालयातील अपिलात आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली आणि आरोपी निर्दोष सुटले. महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्यात ते स्वतः प्रतिवादी होते. १९२७ मध्ये दाखल झालेला हा दिवाणी दावा महाड व ठाणे येथील न्यायालयांतून जाऊन १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने संपला. तळे नगरपालिकेचे असल्याने आणि अस्पृश्यांना वगळण्याची प्रथा अतिप्राचीन असल्याचे सिद्ध न झाल्याने वादींचा दावा फेटाळला गेला. हा निकाल मूलभूत समतेच्या तत्त्वावर दिलेला नव्हता. तसे तत्त्व त्या वेळच्या कायद्यात उपलब्धच नव्हते, आणि हीच त्या काळातील नागरी हक्कांच्या वकिलीची मर्यादा होती.

== महार वतन: लादलेली नोकरी ==

नोकरीतील भेदभाव म्हणजे केवळ नोकरी नाकारणे, असा अर्थ आंबेडकरांनी कधीही घेतला नाही. महार वतन हे त्याचे उलट टोक होते. मुंबई इलाख्यात १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यानुसार महार हा गावाचा कनिष्ठ वतनदार नोकर मानला जाई. चावडीवर हजर राहणे, टपाल पोहोचवणे, सारा वसुलीच्या वेळी रयतेला बोलावणे, सरकारी खजिन्यासोबत चालत जाणे, दौऱ्यावरील अधिकाऱ्यांची बडदास्त ठेवणे, मृत्यूचा निरोप परगावी नेणे, मेलेली जनावरे ओढणे अशी कामे त्याच्याकडे असत. कामाची वेळ ठरलेली नव्हती. वतनदार घरी नसल्यास त्याच्या कुटुंबातील दुसऱ्या व्यक्तीला कामावर जावे लागे. मोबदला म्हणून अपुरी इनाम जमीन, रयतेकडून मिळणारे बलुते आणि काही ठिकाणी सरकारकडून नाममात्र रोख रक्कम मिळत असे. बलुते देणे न देणे व्यवहारात रयतेच्या मर्जीवर अवलंबून होते. सरकारी कामावर राबणाऱ्या या नोकराचा मुख्य पगार सरकार देत नव्हते. गावाशी वाद झाला की सर्वप्रथम बलुते बंद होई.

आंबेडकरांची डिसेंबर १९२६ मध्ये मुंबई विधिमंडळावर नियुक्ती झाली. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. वतनदाराला इच्छेनुसार वतनातून मुक्त होता यावे, त्याची इनाम जमीन पूर्ण सारा आकारून रयताव्याने त्याच्याकडेच राहावी, बलुत्याचे रूपांतर जमीन महसुलाबरोबर वसूल होणाऱ्या पैशांच्या करात करता यावे आणि वतनदारांची कर्तव्ये निश्चित करावीत, असे त्यातील मुख्य मुद्दे होते. या रचनेत कायदेपंडिताइतकाच अर्थशास्त्रज्ञही दिसतो. वतन एकदम रद्द केले असते तर जमीनही गेली असती, आणि जमिनीशिवाय मिळालेले स्वातंत्र्य उपाशी राहिले असते. म्हणून नोकरीचे बंधन तोडताना जमीन हातातून जाऊ नये अशी तजवीज त्यांनी केली.

विधेयकाला दोन बाजूंनी विरोध झाला. महसूल खात्याला कमी खर्चात मिळणारे मनुष्यबळ सोडायचे नव्हते, आणि रयतेचे प्रतिनिधित्व करणाऱ्या सभासदांना नवा कर मान्य नव्हता. खुद्द महार समाजातही वतनाकडे प्रतिष्ठेचा पिढीजात हक्क म्हणून पाहणारे अनेक जण होते आणि आंबेडकरांना गावोगावच्या सभांतून त्यांचे मन वळवावे लागले. विधेयक निवड समितीकडे गेले. तेथे त्याचा गाभाच बदलला जात असल्याचे पाहून १९२९ मध्ये त्यांनी ते मागे घेतले. प्रश्न त्यांनी सोडला नाही. डिसेंबर १९३९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील हरेगाव येथे वतनदार महार, मांग आदींची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली झाली.

हे विधेयक संमत झाले असते तरी त्याचा अंमल केवळ ब्रिटिश मुलखात झाला असता. आजच्या सांगली जिल्ह्यातील जत हे डफळे घराण्याचे संस्थान जुन्या सातारा जहागिरींपैकी एक होते. अशा संस्थानांत मुंबई विधिमंडळाचे कायदे आपोआप लागू होत नसत. परिणामी एकाच परिसरातील दोन गावांमध्ये, एक सातारा जिल्ह्यात आणि दुसरे संस्थानी हद्दीत असल्यास, सारख्याच राबणुकीवर दाद मागण्याचे दरवाजे वेगवेगळे होते. जत १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९४९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्याचा, म्हणजे १९६० पासूनच्या सांगली जिल्ह्याचा, भाग बनले. संस्थानी प्रजेपर्यंत पोहोचणारा हक्क केवळ प्रांतिक कायद्यातून येणार नव्हता. त्यासाठी संपूर्ण देशाला लागू होणारी तरतूद आवश्यक होती.

== कापड गिरण्यांतील साचेखाते ==

मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगार मोठ्या संख्येने होते, परंतु ते प्रामुख्याने कताईच्या रिंग खात्यात आणि कमी मजुरीच्या इतर कामांवर असत. विणाई होत असलेल्या साचेखात्यात त्यांना प्रवेश नव्हता. तेथे मजुरी अधिक होती आणि मराठा व मुस्लिम कामगारांचे प्राबल्य होते. बंदीचे कारण एका तांत्रिक क्रियेत होते. धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीच्या सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. तोच धोटा दुसरा कामगारही वापरत असल्याने अस्पृश्याच्या तोंडाचा स्पर्श झालेले सूत आपण तोंडाला लावणार नाही, अशी इतर कामगारांची भूमिका होती.

गिरण्यांच्या नियमावलीत ही बंदी लिहिलेली नव्हती. मालकाला कोणीही विणकर चालला असता. मात्र खाते बंद पडेल या भीतीने तो सवर्ण कामगारांना दुखवत नसे. नोकरी देणारा आणि नोकरी अडवणारा या वेगवेगळ्या व्यक्ती असल्या तर जबाबदार कोणाला धरायचे, हा प्रश्न नोकरीतील भेदभावाच्या कायद्यात आजही कठीण समजला जातो. १९२८ च्या एप्रिल ते ऑक्टोबर या काळातील सार्वत्रिक संपात आंबेडकरांनी तो थेट कामगार नेत्यांसमोर ठेवला. अस्पृश्यांसाठी सर्व खाती खुली करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्यावी, अन्यथा आपण अस्पृश्य कामगारांना संपापासून दूर राहण्याचा सल्ला देऊ, असे त्यांनी बजावले. साम्यवादी नेतृत्वाखालील संघटनेने नाखुशीने ती मागणी स्वीकारली. व्यवहारात फारसा बदल झाला नाही, आणि १९२९ च्या दुसऱ्या मोठ्या संपाला आंबेडकरांनी विरोध केला.

त्यांच्या या भूमिकेवर कामगारांची एकजूट मोडल्याची टीका झाली. त्यांच्या बाजूने असा युक्तिवाद होता की, ज्या एकजुटीत काही कामगारांना कायम कमी मजुरीच्या खात्यात राहावे लागते, ती एकजूट त्यांच्या दृष्टीने अपूर्णच आहे. पुढे १९३८ मध्ये औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध त्यांनी साम्यवादी नेत्यांबरोबर उभे राहून ७ नोव्हेंबरचा एक दिवसाचा संप यशस्वी केला. संपाचा हक्क आणि समान कामाचा हक्क या दोन्ही गोष्टी त्यांना हव्या होत्या. कोणत्या वेळी कोणती पुढे ठेवायची याबाबत मात्र त्यांचे कामगार चळवळीशी वारंवार मतभेद झाले.

== आयोग, समित्या आणि गोलमेज परिषद ==

१९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन आयोगाला दिलेल्या निवेदनात आंबेडकरांनी लष्कर, आरमार व पोलीस दलांत निर्बंधमुक्त भरती आणि मुलकी नोकऱ्यांत दलित वर्गांना अग्रक्रम मागितला. त्याच वर्षी मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते. या समितीने इलाख्यातील दलित व आदिवासी जमातींच्या स्थितीची पाहणी करून १९३० मध्ये अहवाल सादर केला.

पहिल्या गोलमेज परिषदेत (१९३०–३१) आंबेडकर आणि रावबहादूर रे. श्रीनिवासन यांनी दलित वर्गांच्या संरक्षणाची योजना सादर केली. विधिविषयक दृष्टीने हा त्यांच्या आयुष्यातील एक महत्त्वाचा दस्तऐवज आहे. समान हक्कांच्या कलमासाठी त्यांनी अमेरिकेतील गुलामगिरी संपल्यानंतर झालेल्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांचा आधार घेतला, तर सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवण्यासाठी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा. बहिष्काराच्या व्याख्येत घर वा जमीन न देणे, व्यवहार न करणे यांबरोबरच मजुरीवर काम न देणे किंवा न करणे यांचाही समावेश होता. खेड्यात हक्क बजावणाऱ्या माणसाचे काम तोडणे हेच सर्वांत परिणामकारक शस्त्र असते, याची जाण या मसुद्यात दिसते. सरकारी नोकऱ्यांमधील योग्य प्रतिनिधित्व ही त्यातील स्वतंत्र मागणी होती. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात, शैक्षणिक अर्हतेच्या अधीन राहून, दलित वर्गांना सरकारी नोकऱ्यांत योग्य प्रतिनिधित्व देण्याचा प्रयत्न केला जाईल असे कलम आले.

== रेल्वे कामगार परिषद, मनमाड ==

१२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेतील दलित वर्गीय कामगारांची परिषद आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली. भांडवलशाही आणि ब्राह्मणशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याची त्यांची प्रसिद्ध मांडणी याच भाषणातील आहे. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतील बढतीचा प्रश्न तपशिलाने मांडला होता. अस्पृश्य कामगार रुळांवरील गँगमन म्हणून लागे आणि बहुधा त्याच पदावर निवृत्त होई. त्याला साधे पोर्टरचे कामही मिळत नसे, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरगुती कामे करून घेत आणि अस्पृश्याच्या हातची घरातील कामे त्यांना चालत नसत. कारखान्यांतील कुशल पदांवरही असे कामगार क्वचितच दिसत. धोटा आणि स्टेशनमास्तरचे घर ही दोन्ही उदाहरणे त्यांनी एकाच मुद्द्यासाठी वापरली. भेदभाव नेमणुकीच्या नियमांत दिसत नाही, कामाच्या पद्धतीत दडलेला असतो.

== मजूरमंत्री ==

१९४१ मध्ये आंबेडकरांची राष्ट्रीय संरक्षण मंडळावर नियुक्ती झाली. त्याच वर्षी १ ऑक्टोबर रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली आणि वलंगकरांच्या अर्जापासून चालत आलेली मागणी जवळपास अर्ध्या शतकाने मान्य झाली. पहिल्या महायुद्धात उभारलेली महारांची पलटण युद्धानंतर विसर्जित करण्यात आली होती; या वेळची रेजिमेंट टिकली.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. ऑक्टोबरमध्ये त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला सादर केले. केंद्रीय नोकऱ्यांमधील नगण्य प्रमाण, तांत्रिक शिक्षणाचा अभाव आणि सरकारी बांधकामाच्या ठेक्यांमधून होणारी वगळणूक असे मुद्दे त्यात होते. १९३४ च्या सरकारी ठरावाने मुस्लिम व इतर अल्पसंख्याकांना नोकऱ्यांत ठराविक वाटा दिला होता, मात्र दलित वर्गांसाठी प्रमाण ठरवले नव्हते. ऑगस्ट १९४३ मध्ये अनुसूचित जातींसाठी केंद्रीय सेवांतील थेट भरतीत ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या, तसेच वयोमर्यादेत व परीक्षा शुल्कात सवलत मिळाली. १९४६ मध्ये हे प्रमाण १२.५ टक्के करण्यात आले. चळवळीने तीन दशके मागितलेली गोष्ट प्रशासकीय आदेशाने मिळाली, हे तिचे बळही होते आणि दुबळेपणही, कारण आदेश बदलणे सोपे असते.

या कारकिर्दीतील एक निर्णय वादग्रस्त ठरला. युद्धकाळातील कोळशाच्या टंचाईमुळे सरकारने स्त्रियांना खाणीत भूमिगत काम करण्यावरील बंदी उठवली. फेब्रुवारी १९४४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात या निर्णयाचे समर्थन आंबेडकरांना करावे लागले. त्यांनी निकड पुढे केली आणि स्त्रियांना त्याच कामासाठी पुरुषांइतकीच मजुरी देण्याचे तत्त्व लागू केल्याचे सांगितले. समान मजुरीचे तत्त्व महत्त्वाचे असले, तरी ते ज्या कामासाठी लागू झाले ते काम स्त्रियांच्या संरक्षणासाठीच पूर्वी निषिद्ध ठरले होते, हे टीकाकारांनी दाखवून दिले. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली.

== संविधान ==

१९४७ मध्ये अनुसूचित जाती महासंघासाठी तयार केलेल्या स्टेट्स अँड मायनॉरिटीज या निवेदनात आंबेडकरांनी एक तरतूद सुचवली होती. वंश, पंथ किंवा सामाजिक दर्जा यांच्या आधारे सरकारी अधिकाऱ्याने प्रशासनात अथवा खासगी मालकाने कारखान्यात व व्यापारी आस्थापनेत केलेला भेदभाव हा गुन्हा मानावा आणि अशा प्रकरणांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण असावे, असा तिचा आशय होता. साचेखात्याचा अनुभव घेतलेल्या वकिलाने लिहिलेले हे कलम होते. संविधानात ते या स्वरूपात आले नाही. कलम १६ मधील समान संधीची हमी राज्याच्या अखत्यारीतील नोकऱ्यांपुरतीच मर्यादित राहिली. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांना सभेतील सहमतीच्या चौकटीत काम करावे लागले, आणि त्यांचे स्वतःचे निवेदन व अंतिम मजकूर यांतील हे अंतर अभ्यासकांनी वारंवार नोंदवले आहे.

३० नोव्हेंबर १९४८ रोजी मसुद्यातील कलम १० वर, म्हणजे आजच्या कलम १६ वर, चर्चा झाली. मागास या शब्दावर अनेक सभासदांचा आक्षेप होता. आंबेडकरांनी उत्तरात तीन दृष्टिकोनांचा मेळ घातला. सर्वांना समान संधी हे तत्त्व, प्रशासनातून आजवर बाहेर राहिलेल्या समाजांना प्रवेश देण्याची गरज, आणि राखीव जागा अल्प प्रमाणात राहिल्या नाहीत तर मूळ तत्त्वच नाहीसे होण्याचा धोका. मागास हा मर्यादा घालणारा शब्द म्हणूनच आवश्यक आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. राज्याने अवाजवी प्रमाण ठेवल्यास न्यायालयात दाद मागता येईल, असेही त्यांनी स्पष्ट केले. राखीव जागांचे समर्थक व विरोधक दोघेही आजतागायत या भाषणाचा आधार घेतात.

नोकरीच्या प्रश्नाशी संबंधित आणखी एक कलम तुलनेने दुर्लक्षित राहते. कलम २३ ने वेठबिगार आणि सक्तीचे श्रम प्रतिबंधित केले. वतनदाराच्या राबणुकीशी वीस वर्षे झगडलेल्या विधिज्ञाच्या अध्यक्षतेखालील समितीने हा मजकूर अंतिम रूपास नेला, आणि तो जुन्या संस्थानी मुलखासह सर्वत्र लागू झाला.

एप्रिल १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मद्रास राज्याचा जातवार वाटपाचा आदेश दोन प्रकरणांत रद्द केला. त्यांपैकी चंपकम दोराईराजन प्रकरण महाविद्यालयीन प्रवेशाचे होते, तर व्यंकटरमण प्रकरण मुन्सफाच्या पदासाठीच्या भरतीचे. कायदामंत्री या नात्याने आंबेडकरांनी मे महिन्यात संसदेत या निकालांवर असमाधान व्यक्त केले आणि पहिल्या घटनादुरुस्तीचे समर्थन केले. तिच्यामुळे कलम १५ मध्ये मागास वर्गांच्या उन्नतीसाठी विशेष तरतुदीची मुभा देणारा चौथा खंड समाविष्ट झाला. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू संहिता विधेयक रखडणे हे त्याचे ज्ञात कारण होय. मागास वर्गांसाठी आयोग न नेमणे आणि अनुसूचित जातींच्या संरक्षणाकडे दुर्लक्ष ही कारणेही त्यांनी दिली होती.

== नागरी हक्क संरक्षणाचा कायदा ==

१९५२ पासून आंबेडकर राज्यसभेचे सदस्य होते. सप्टेंबर १९५४ मध्ये अस्पृश्यता (गुन्हे) विधेयकावरील चर्चेत त्यांनी प्रथम नावावरच आक्षेप घेतला. हा कायदा अस्पृश्यांच्या नागरी हक्कांच्या संरक्षणाचा आहे, म्हणून त्याचे नावही तसेच असावे, असे त्यांचे म्हणणे होते. सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या तरतुदी अपुऱ्या असल्याचेही त्यांनी निदर्शनास आणले. कायदा १९५५ मध्ये मूळ नावानेच संमत झाला. कोणताही व्यवसाय, धंदा किंवा व्यापार करण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून प्रतिबंध करणे त्यात दंडनीय ठरले.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत आंबेडकरांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, मुंबई राज्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा केला आणि वतनी जमिनी अटींसह वतनदारांकडे ठेवण्याची तरतूद केली. या जमिनींच्या हस्तांतरणाचे व भोगवट्याचे दावे महाराष्ट्रातील महसूल न्यायालयांत अद्यापही चालतात. १९५५ च्या कायद्याचे नाव १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे बदलण्यात आले, आणि त्याच दुरुस्तीने व्यवसाय व धंद्याच्या जोडीला नोकरीचाही उल्लेख त्याच्या चौथ्या कलमात समाविष्ट झाला.